तीच भाची, तेच पाय, दोन अंगणं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

या वेळचं रेकॉर्डिंग पुण्यातल्या फ्लॅटमध्ये झालेलं नाही. दिवाळीला गावी आलोय, दिघोरीला. नागपूरकरांनो, तुमचा दिघोरी नाका नव्हे. भंडारा जिल्ह्यातलं, लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी. ऑडिओमध्ये मागे जो आरडाओरडा ऐकू येतोय, तो आमच्या अंगणातला आहे. मी तो मुद्दाम ठेवलाय. का, ते शेवटी कळेल.

आजचा विषय माझी भाची. ती ९ वर्षांची आहे, चौथीत शिकते आणि वॉकर घेऊन चालते. तिचं नाव सांगणार नाही, कारण मोठी झाल्यावर स्वतःबद्दल काय सांगायचं ते तिनं ठरवायला हवं. घरी आम्ही सगळे तिला 'बाई' म्हणतो, तेच इथे वापरतो. बाईला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आगेमागे मेंदूच्या एका भागाला इजा झाली, त्यामुळे पायांचे स्नायू ताठ राहतात. ही इजा वाढत जात नाही. डोकं एकदम तल्लख आहे. मागच्या दिवाळीत तिनं मला पत्त्यांमध्ये सलग चार वेळा हरवलं आणि नंतर सगळ्या गल्लीला सांगितलं.

ताईचं सासर इथून फार लांब नाही. त्या गावाचं नाव घेत नाही, कारण आज तिथल्या बऱ्याच गोष्टींबद्दल तक्रार करणार आहे. तर बाईची दोन घरं आहेत. शाळा सुरू असते तेव्हा तिकडचं, आणि दिवाळी-उन्हाळ्यात आजोळ म्हणजे इकडचं. गेली दोन वर्षं मला एक गोष्ट खटकत होती. तिकडे ही पोरगी दिवसभर खाटेवर किंवा ओट्यावर बसलेली असते. ताई म्हणते, "काही करतच नाही रे, नुसती मोबाईल पाहात राहते." इकडे आली की सकाळी आठ वाजता अंगणात. मांजराच्या मागे जाते, आजीला कोथिंबीर निवडून देते, शेजारच्या पोरांशी भांडते. तीच पोरगी, तेच पाय, तोच वॉकर. डॉक्टरही तेच आणि व्यायामही तेच.

आमच्या धंद्यात यावर एक घिसंपिटं वाक्य आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय!" टेस्टर सांगतो प्रोग्राम पडला, डेव्हलपर सांगतो माझ्याकडे तर धावतोय, आणि दोघंही खरं बोलत असतात. कोड एकच असतो. फरक असतो एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे तो कोड जिथे चालतो त्या भोवतालात. नवीन आलेला इंजिनिअर आठवडाभर कोड उकरत बसतो, जुना माणूस पहिल्यांदा विचारतो, "कुठल्या मशीनवर?" बाईच्या बाबतीत आम्ही सगळं खानदान नऊ वर्षं कोडच उकरत बसलो होतो. पाय सुधारले का? किती पावलं चालली? ऑपरेशन करायचं का? कुठल्या अंगणात, हे कुणी विचारलंच नाही.

हा विचार काही मी शोधलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली एक वर्गीकरण आणलं, त्याला आयसीएफ म्हणतात. २००७ साली त्याची लहान मुलांसाठीची आवृत्तीही आली. त्यात 'सहभाग' असा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ आयुष्यातल्या प्रसंगांत सामील असणं. जेवणाच्या पंगतीत असणं, खेळात असणं, शाळेत असणं. तिथे स्पष्ट म्हटलंय की हा सहभाग फक्त शरीरावर ठरत नाही, भोवतालावरही ठरतो. आणि भोवताल म्हणजे फक्त रस्ते-पायऱ्या नव्हेत. वापरायच्या वस्तू, हवामान आणि जमीन, आजूबाजूची माणसं, त्या माणसांच्या डोक्यातल्या समजुती, आणि सरकारी सेवा-नियम, असं सगळं त्यात येतं. यातली कुठलीही गोष्ट मदत करू शकते किंवा आडवी येऊ शकते.

आता आमचं अंगण बघा. हे बाईसाठी कुणीही बांधलेलं नाही. धान वाळवायला बाबांनी सहा वर्षांपूर्वी अंगण सिमेंटचं केलं, पाणी साचू नये म्हणून अगदी हलका उतार दिला. ट्रॅक्टर आत यावा म्हणून फाटक रुंद केलं, उंबरा काढून टाकला. मग आजी पडली, तिचा खुबा मोडला, तेव्हा संडासात कमोडची खुर्ची आली आणि भिंतीला लोखंडी दांडा लागला. म्हणजे ट्रॅक्टर, धान आणि म्हातारीचा खुबा या तिघांनी मिळून माझ्या भाचीला अंगण दिलं. शहरात फुटपाथला जे उतार करतात ते व्हीलचेअरसाठी असतात आणि त्यावरून बाबागाड्या, सुटकेसच्या चाकाच्या बॅगा, हातगाड्या सगळं जातं. आमच्याकडे उलट झालं.

तिकडचं घर असं: ओटा उंच, दोन पायऱ्या, त्याही कमी-जास्त उंचीच्या. ओट्यापुढे नाली, नालीवर एक फरशी, ती हलते. त्यापलीकडे सिमेंटचा रस्ता, आणि दर काही वर्षांनी त्यावर नवा थर पडल्यामुळे तो आता घराच्या जोत्याच्या बरोबरीला येत चाललाय. रस्ता सिमेंटचा झाला की आपण म्हणतो विकास झाला. पण बाईसाठी घर आणि रस्ता यांच्यामधली ती अडीच फुटांची नाली हीच खरी सीमा आहे. ती ओलांडायला रोज कुणीतरी मोठं माणूस लागतं. ताई आणि भाऊजी दोघंही रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत सकाळी सातला शेतावर. मग कोण ओलांडणार? म्हणून मोबाईल. "काही करतच नाही" यातलं 'करत नाही' कुठून येतं ते कळलं का?

पोळ्याला मी चार दिवस सुटी काढून आलो होतो, तेव्हा एक अख्खा दिवस तिच्याबरोबर शाळेत बसलो. सरांची परवानगी घेतली होती. हा दिवस मी जरा सविस्तर सांगतो, कारण तोपर्यंत मला वाटायचं की बाई शाळेत जाते म्हणजे तो प्रश्न सुटलाय.

शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत मैदान, मुरूम टाकलेलं. वॉकरची चाकं माझ्या पंजाएवढी. पाऊस पडून गेलेला. पहिल्या दहा फुटांत दोन्ही चाकं रुतली. ती थांबली, वॉकर उचलला, पुढे ठेवला, पुन्हा रुतला. चाकाच्या वॉकरचा अर्थच संपला, ती ओझं वाहत होती. वर्गापर्यंत पोहोचायला तिला नऊ मिनिटं लागली. मी मोबाईलवर वेळ लावली होती. बाकी पोरं धावत गेली, त्यांना अर्धं मिनिट.

मग रॅम्प. हो, रॅम्प आहे! शाळेत रॅम्प असला पाहिजे, अडथळ्याविना आत जाता आलं पाहिजे, हे शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासून आहे. पण सरकारी माहितीच्या फॉर्ममध्ये विचारतात, रॅम्प आहे का, कठडा आहे का. हो किंवा नाही. आम्ही याला बूलियन म्हणतो. किती चढाचा, ते त्या हो-नाहीमध्ये मावत नाही. मी मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप उघडून रॅम्पवर फोन ठेवला. साधारण १३ अंश. नियम काय आहे? १ ला १२. म्हणजे १ सेंटिमीटर वर चढायला १२ सेंटिमीटर लांबी. हा कोन ५ अंशांपेक्षाही थोडा कमी येतो. त्या वर्गाला तीन पायऱ्या, मिळून ४५ सेंटिमीटर उंची. ४५ गुणिले १२, म्हणजे ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प हवा. तिथे होता २ मीटरचा. ज्यानं बांधला त्यानं जागा होती तेवढ्यात बसवला. पोरं त्याची घसरगुंडी करतात, आणि ती पावसाळ्यात फारच चांगली होते! सर त्यावरून मोटारसायकल वर चढवतात. बाई मात्र त्या रॅम्पकडे पाहतही नाही. ती पायऱ्यांपाशी थांबते, पाचवीतली दोन पोरं येऊन तिला दोन्ही बाजूंनी उचलतात.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे फोन आहे, म्हणजे सगळ्यांकडेच, त्यांनी आपल्या शाळेच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या रॅम्पवर एकदा फोन ठेवून बघा. आकडा ५ च्या आत असेल तर मला फोटो पाठवा. आम्ही ऑफिसमधल्या ग्रुपवर हा खेळ सुरू केला, पंधरा दिवसांत तीनच फोटो आलेत.

पुढचा दिवस. परिपाठ मैदानात. बाई वर्गात बसून प्रार्थना म्हणते, एकटी, खिडकीकडे तोंड करून. खिचडीची रांग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये एक पायरी. ताट मैत्रीण आणून देते. पीटीच्या तासाला सर म्हणाले, "तू बस बेटा, सावलीत." मी चिडलो नाही, कारण आवाजात खरंच माया होती. पण मी मोजत होतो. त्या दिवशी तिला "तू बस" हे वाक्य अकरा वेळा ऐकायला मिळालं. सरांकडून, स्वयंपाकाच्या काकूंकडून, मैत्रिणींकडून, आणि एकदा माझ्याकडून. हो, माझ्याकडूनही. मला भान आलं तोपर्यंत बोलून झालं होतं.

आणि दुपारी साडेतीनपर्यंत ती पाणी प्यायली नाही. बाटली भरलेली, तशीच घरी आली. मी विचारलं, "काऊन नाही पिली?" तर म्हणाली, "मंग जा लागते ना." संडासाला. संडास मैदानाच्या टोकाला, दाराला उंबरा, आत भारतीय पद्धतीचं भांडं, धरायला काही नाही. तिचं ताठ पायांचं शरीर तिथे उकिडवं बसूच शकत नाही. म्हणून तिनं स्वतःच तोडगा काढलाय: पाणीच प्यायचं नाही. तिसरीपासून. ताईला हे माहीत नव्हतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवसाच्या हजेरीपटावर काय असेल? 'उपस्थित'.

इथे थोडा अभ्यासाचा भाग. ऑस्ट्रेलियातल्या क्रिस्टीन इम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहभागाचे दोन तुकडे करून दाखवले आहेत. एक, हजर असणं. दुसरा, त्यात गुंतलेलं असणं. आपली सगळी व्यवस्था पहिला तुकडा मोजते, कारण तो मोजायला सोपा. अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी मिळून पालकांसाठी एक प्रश्नावली बनवली, पेम-सीवाय नावाची, ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी. ती घर, शाळा आणि गाव-समाज अशा तीन ठिकाणांबद्दल विचारते. मूल हे किती वेळा करतं? करताना किती रमतं? तुम्हाला यात बदल हवा का? आणि मग, त्या ठिकाणच्या कुठल्या गोष्टी मदत करतात, कुठल्या आडव्या येतात?

या प्रश्नावलीवर ५७६ पालकांची उत्तरं घेऊन अभ्यास झाला. त्यात अपंगत्व असलेली आणि नसलेली, दोन्ही प्रकारची मुलं होती. निष्कर्ष असा की मुलाच्या शारीरिक अडचणी आणि त्याचा सहभाग यांच्यामध्ये भोवताल उभा असतो. अडचणीचा बराचसा परिणाम या भोवतालातून गाळून मुलापर्यंत पोहोचतो. त्याआधी युरोपातल्या ९ भागांत सेरेब्रल पाल्सी असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या ८१८ मुलांचा अभ्यास झाला होता, स्पार्कल नावाचा. सारख्याच तीव्रतेची अडचण असलेली मुलं, पण कुठल्या देशात राहतात त्यावर त्यांचा सहभाग वेगळा दिसला. डेन्मार्कची मुलं बऱ्याच बाबतींत पुढे होती. डेन्मार्कच्या मुलांचे पाय काही वेगळे नसतात हो! आमच्याकडे डेन्मार्क आणि दुसरा देश यांच्यात काही किलोमीटरचं अंतर आहे, एवढंच.

मी ती प्रश्नावली जशीच्या तशी वापरली नाही, त्याची परवानगी आणि पद्धत असते. पण त्या धर्तीवर साध्या भाषेत प्रश्न केले आणि एका संध्याकाळी ताईला विचारले, मग बाईला वेगळं बसवून तेच विचारले. ताईची उत्तरं पायांभोवती फिरली: चढता येत नाही, तोल जातो, थकते. बाईची उत्तरं अशी होती: नाली. मुरूम. संडास. आणि चौथं, "मले कोणी खेळायले बलावतच नाही, मोजायले बलावतात." म्हणजे लंगडी, लगोरी, काहीही खेळ असला की बाई बाजूला बसून आकडे मोजणार, कोण आऊट ते सांगणार. सगळ्यांना वाटतं आपण तिला सामील करून घेतलं. मलाही तसंच वाटायचं. "मले नाही मोजाचं," ती म्हणाली. "मले आऊट व्हाचं हाय."

मी ते वहीत लिहून ठेवलं आणि बराच वेळ पुढचा प्रश्न सुचला नाही.

आता थोडं बाजूला जातो, पण विषयाच्या बाहेर नाही. पाणी न पिण्यावरून मला माझा एक मित्र आठवला. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. तो धडधाकट दिसायचा, पण पीटीला बसून राहायचा, हिवाळ्यात आठ-आठ दिवस यायचा नाही, तासाला दोनदा लघवीला जायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो, त्याहून वाईट नावंही ठेवली होती. त्याला सिकलसेल होता. विदर्भातल्या ऐकणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर, आमच्याकडे घरोघरी कुणाला ना कुणाला माहीत असतो. लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि हाडं फोडल्यासारख्या वेदना होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात सिकलसेल आला. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी आयुष्यभर काम केलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२३ च्या जुलैमध्ये देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं.

या आजारात भोवताल कसा काम करतो बघा. वेदनांचा झटका कशानं येतो? शरीरातलं पाणी कमी झालं की, थंडी लागली की, एकदम दमछाक झाली की, ताप-संसर्ग झाला की. वर या मुलांच्या किडनीला लघवी दाट करता येत नाही, म्हणून पाणी जास्त लागतं आणि लघवीला वारंवार जावं लागतं. आता शाळेचा संडास घाण असेल, किंवा मास्तर "आत्ताच गेला होतास ना!" म्हणून ओरडत असतील, तर मूल काय करेल? पाणी कमी पिईल. मग झटका. मग आठ दिवस शाळा बुडणार. मग आम्ही त्याला आळशी म्हणणार. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि डिसेंबरच्या पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही, म्हणजे हवामानही दोन्ही बाजूंनी मारतं. पण पाण्याची बाटली बाकावर ठेवू देणं, न विचारता लघवीला जाऊ देणं, थंडीत शाळेच्या शर्टावर दुसरा स्वेटर चालवून घेणं, याला किती पैसे लागतात? बाईच्या वॉकरसारखं त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी कुणी रॅम्पसुद्धा बांधला नाही. मी त्याला गेल्या वर्षी फोन केला होता. माफी वगैरे मागायची होती, पण आम्ही क्रिकेटवरच बोललो.

परत बाईकडे. पोळ्यानंतर ताईनं मला विचारलं, "हिला नागपूरला विशेष मुलांच्या शाळेत ठेवू का? तिथे वसतिगृह आहे, सगळ्या सोयी आहेत म्हणतात." भाऊजी म्हणत होते, शाळाच सोडवू, विशेष शिक्षक घरी येऊन शिकवतील तेवढं बास. हा प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोयी असलेली जागा मिळाली तर मूल फुलतं, हे खरंच आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः किशोरवयात कमरेखाली लुळ्या झाल्या, त्यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' संस्था उभी केली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र मी ताईला दिलं. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी संस्था काढली, कारण त्यांच्या मुलीला, मालिनी छिब यांना, कुठे जागाच नव्हती. मालिनी पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, एका बोटानं टाईप करून पुस्तक लिहिलं. 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' सिनेमा पाहिला असेल, तो त्यांच्यावरूनच त्यांच्या मावसबहीण-मामेबहीण अशा नात्यातल्या शोनाली बोस यांना सुचला.

पण वसतिगृहात आजी नाही, आंबा नाही, भांडायला शेजारची पोरं नाहीत. ती सोय मिळवायला तिला तिचं गाव द्यावं लागणार. कायदा तरी काय म्हणतो ते मी एका रात्री वाचून काढलं. २०१६ चा कायदा, कलम ३१: ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क. म्हणजे निवड कुटुंबाची. भाऊजींना मी हेच वाचून दाखवलं. कलम १६: सरकारी मदतीच्या किंवा मान्यतेच्या शाळांनी इमारत आणि परिसर वापरण्याजोगा करायचा, त्या-त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी फेरबदल करायचे, येण्या-जाण्याची सोय द्यायची. समग्र शिक्षा योजनेत प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे, दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये, १० महिन्यांपर्यंत. २०० रुपयांत काय होतं ते विचारू नका, पण मागायचं. त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना जाऊन भेटा, फोनवर काम होत नाही.

आणि एक कमी लोकांना माहीत असलेली जागा: शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात ७५ टक्के सदस्य पालकच असतात. भाऊजी सप्टेंबरच्या बैठकीला गेले, आयुष्यात पहिल्यांदा. मी त्यांना मोबाईलवर तीन फोटो दिले होते: रुतलेली चाकं, १३ अंश दाखवणारा फोन, संडासाचा उंबरा. भाषण करू नका, फोटो दाखवा, एवढंच सांगितलं. तिथल्या एका पालकानं विचारलं, "एका पोरीसाठी एवढं?" भाऊजी घरी येऊन सांगत होते की त्यांना काही उत्तर सुचलं नाही, पण समितीतल्याच एक म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "मतदानाले मीबी तिथंच चढतो ना, माझे गुडघे?" मतदान केंद्र शाळेतच असतं. तेवढ्यावर विषय पुढे सरकला.

काय झालं, काय नाही? फाटकापासून वर्गापर्यंत चार फूट रुंद सिमेंटची पट्टी झाली, गावातूनच वर्गणी काढून, गवंडी गावातलाच. संडासात धरायला पाईप बसला आणि भांड्यावर ठेवायला मधे भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची आली, ती भाऊजींनीच घरी कापली. पहिल्या खुर्चीचा पाय मोडला, दुसरी टिकली आहे. घरासमोरच्या नालीवर पक्का स्लॅब पडला. रॅम्प अजून तसाच आहे, १३ अंशांचा. अर्ज दिलाय, निधी आल्यावर बघू म्हणतात. परिपाठ आता व्हरांड्यात होतो, पाऊस असला किंवा नसला तरी. नागपूरचा विषय ताईनं पुढच्या जूनपर्यंत थांबवलाय, बंद केलेला नाही. आणि पाण्याची बाटली रिकामी घरी येते. मला विचाराल तर या सगळ्यात हीच मोठी गोष्ट.

सगळं सिमेंटनं होत नाही, हे मंडईला कळलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचं नाटक. या वेळी मंडप कापलेल्या धानाच्या बांधीत होता, सगळी धसकटं. वॉकर तिथे अजिबात चालणार नव्हता. मी म्हटलं, कडेवर घेतो. नऊ वर्षांच्या मुलीला कडेवर घेतलेलं सगळ्या गावानं पाहायचं? ती म्हणाली, "मंग मी येतच नाही." मग बाबांनी धान न्यायची हातगाडी काढली, तिच्यावर पोतं टाकलं, तिच्याबरोबर शेजारची आणखी दोन पोरंही बसवली. तिघं बसल्यावर ती आजारी मुलीची गाडी राहिली नाही, मजेची झाली. पहाटे चारपर्यंत नाटक पाहिलं. मला झोप लागली, तिला नाही.

तर आता तो मागचा आरडाओरडा. आमच्या अंगणात लंगडी चालू आहे. बाईनं परवा पोरांना नियम सांगितला: जो तिच्या मागे येईल त्यानं लंगडी घालत यायचंच, शिवाय हात पाठीमागे बांधून, आणि ती वॉकर घेऊन पळणार. पोरांनी वाद घातला, मग खेळून पाहिलं. सिमेंटच्या अंगणात चाकाचा वॉकर बऱ्यापैकी पळतो! पहिल्या दोन डावांत पोरांनी लाडानं तिला सोडून दिलं, तेव्हा ती भडकली. "थो मले मुद्दाम आऊट नाही करत," अशी माझ्याकडे तक्रार आली. मी म्हटलं, मी पंच नाही, मी रेकॉर्डिंग करतोय.

तुम्ही ऐकताय तो तिसरा डाव. शेजारच्या पोट्ट्यानं तिच्या पाठीवर थाप मारली, ती आऊट झाली, आणि आता ती ओरडून सांगते आहे की त्याचा दुसरा पाय खाली टेकला होता, म्हणून हे आऊट धरायचंच नाही.